जळगावात टू बीएचकेचे वाजवी भाडे किती?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जूनपासून आपली पुण्याहून जळगावला बदली होत आहे, नोकरी औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात आहे, आणि घरात आपण, पत्नी, चार वर्षांची मुलगी व आई अशी चार माणसे आहेत. संकेतस्थळांवर टू बीएचके फ्लॅटचे भाडे अठरा हजारांपर्यंत दिसते, तर जळगावचा सहकारी सहा हजारांत घर मिळेल असे सांगतो. तेव्हा खरे भाडे किती, आणि करार शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर अकरा महिन्यांचा केला तर चालेल का, असे आपण विचारले आहे. मी गेली बावीस वर्षे जळगावात घरे भाड्याने लावून देण्याचे आणि त्यांचे करार नोंदवून देण्याचे काम करतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आकडा आधी सांगतो. माझ्याकडून अलीकडे झालेल्या व्यवहारांत विनाफर्निचर टू बीएचके फ्लॅट साधारण सात ते बारा हजारांच्या दरम्यान गेले आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक आठ ते दहा हजारांत मिटले आहेत. वन बीएचके साडेचार ते सात हजारांत मिळतो. थ्री बीएचके बारा हजारांच्या पुढे सुरू होतो आणि इमारत नवी, लिफ्टची, वाहनतळाची असेल तर अठरा-वीसपर्यंत जातो. हे माझ्या वहीतले आकडे आहेत, शहराची पाहणी नव्हे; दुसरा एजंट हजार-दीड हजार इकडेतिकडे सांगेल आणि तोही खोटे बोलत नसेल.

आपल्याला सांगितलेले दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते दोन वेगळ्या घरांचे आहेत. जळगावात चांगले घर पाटी लागण्याआधीच जाते. मालकाच्या कचेरीतला कोणी, भाच्याच्या वर्गातला कोणी, शेजारच्या बँकेत बदलून आलेला कोणी, अशा ओळखीवर ते लागते. ओळखीवर लागले नाही की गॅलरीला 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी येते, आणि पाटीलाही महिनाभर कोणी दाद दिली नाही की मग ते संकेतस्थळावर जाते. म्हणजे आपण पुण्यात बसून जी यादी पाहत आहात ती बरीचशी उरलेल्या घरांची यादी आहे, शिवाय तिच्यात घासाघीस गृहीत धरून चढवलेले आकडे आहेत. तिथले अठरा हजारांचे घर रिंग रोड किंवा महाबळ भागातले, सोफा-पलंग-एसी दिलेले असणार. सहकाऱ्याचे सहा हजारांचे घर पिंप्राळ्याकडे बंगल्याचा वरचा मजला असणार, किंवा त्याने स्वतः सहा-सात वर्षांपूर्वी घेतलेले आणि मालकाने भिडेखातर भाडे न वाढवलेले असणार. आज नव्याने जाणाऱ्याला त्या भावात फ्लॅट मिळत नाही.

भाडे इतपतच का राहते, हे एकदा लक्षात आले की घासाघीस सोपी जाते. समजा एका टू बीएचके फ्लॅटची किंमत पस्तीस लाख आहे आणि त्याला नऊ हजार भाडे येते. वर्षाचे झाले एक लाख आठ हजार, म्हणजे किमतीच्या सुमारे तीन टक्के, आणि त्यातून घरपट्टी, देखभाल व रंगरंगोटी जायची. बँकेतल्या मुदत ठेवीत याहून जास्त मिळते, हे मालकालाही कळते. त्याने फ्लॅट घेतलेला असतो तो पैसा अडकवून ठेवायला, मुलगा पुण्याहून परत आला तर असू द्यावा म्हणून, किंवा केळीच्या एका चांगल्या हंगामातला पैसा सोन्यात घालावा की सिमेंटमध्ये या विचारात सिमेंट जिंकले म्हणून. भाड्यावर त्याचे घर चालत नाही. त्यामुळे हजार रुपये जास्त देणाऱ्यापेक्षा वेळेवर देणारा, भिंतीला खिळे न ठोकणारा आणि सांगितल्या दिवशी घर रिकामे करणारा माणूस त्याला हवा असतो. आपण नोकरदार, कुटुंबवत्सल आणि सोबत आई. जळगावच्या घरमालकाच्या दृष्टीने याहून चांगला भाडेकरू नाही. ही आपली खरी ताकद आहे आणि ती न वापरता लोक जास्तीचे भाडे अंगावर घेतात.

आता जागेविषयी. औद्योगिक वसाहत अजिंठा रस्त्याच्या अंगाला आहे. नोकरी तिथे असेल तर मेहरूण, आदर्श नगर, मोहाडी रस्ता, अयोध्या नगर हे भाग सोयीचे. विद्यापीठाच्या बाजूला, म्हणजे खोटे नगर, निमखेडी, पिंप्राळा या भागांत घरे नवी आणि तुलनेने स्वस्त मिळतात, पण आपल्याला रोज शहर आडवे ओलांडावे लागेल, आणि तेही राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून. सुरत-नागपूरची अवजड वाहतूक या रस्त्यावर मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. दुचाकीवर नोकरीला जाणाऱ्याला मी महामार्गाचा तो पट्टा शक्यतो टाळायला सांगतो. खर्चाचा हिशेबही मांडून पाहा. घर कारखान्यापासून दोन किलोमीटरऐवजी आठ किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन बारा किलोमीटर वाढले, महिन्याच्या सव्वीस पाळ्यांचे तीनशे बारा किलोमीटर झाले, आणि दुचाकीने लिटरला पंचेचाळीस दिले तर सात लिटर पेट्रोल झाले. म्हणजे सातशे रुपयांहून अधिक. खोटे नगरला हजार रुपये स्वस्त मिळालेले घर प्रत्यक्षात तीनशेच रुपये स्वस्त असते. चारचाकीने जाणार असाल तर ते महागच पडते.

शहराच्या कडेला नवीन वसाहतीत घर पाहत असाल तर फरशीकडे पाहण्याआधी रस्त्याकडे पाहा. इकडची जमीन काळी कपाशीची. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचे दोन पाऊस पडले की तीच माती मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरत नाही. बिल्डरने इमारत पूर्ण केलेली असते, पण मुख्य रस्त्यापासूनचे शेवटचे तीनशे मीटर कच्चे असतात. आपण उन्हाळ्यात घर पाहणार, तेव्हा तो रस्ता टणक आणि स्वच्छ दिसणार. त्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा की जुलैमध्ये शाळेची व्हॅन दारापर्यंत येते का. मालकाला विचारू नका. आपल्याला मुलीला शाळेत घालायचे आहे, म्हणून हा प्रश्न आपल्यासाठी भाड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

मात्र खानदेशात घराची खरी परीक्षा होते ती ऊन आणि पाणी यांत, आणि पुण्याहून येणारा माणूस नेमका इथेच फसतो. पुण्यात आपण घर पाहताना प्रकाश, वारा, गॅलरी पाहतो. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. पश्चिमेची मोठी खिडकी ही पुण्यात सोय आणि जळगावात शिक्षा आहे. सर्वांत वरच्या मजल्याचे घर पाचशे ते हजार रुपयांनी स्वस्त असते, त्याचे कारण तेच. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोन वाजेपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. मी घर दाखवायला शक्यतो सकाळी नेत नाही. दुपारी तीननंतर नेतो आणि पाहणाऱ्याला पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावायला सांगतो. काही घरांत तो हात चार-पाच श्वास टिकत नाही. त्या खोलीत आईंचा पलंग ठेवायचा आहे, एवढे डोळ्यांसमोर आणले की निर्णय आपोआप होतो. गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग दिलेला असेल, वर पत्र्याची शेड असेल किंवा वर आणखी एक मजला असेल, तर फरक खूप पडतो. म्हणून चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या घराला पाचशे रुपये जास्त द्यायला मी स्वतः तयार असतो.

कूलरची सोयही पाहून घ्यावी. ज्या खोलीत कूलर लावायचा तिच्या खिडकीला बाहेरून लोखंडी स्टँड आहे का, खिडकीची जाळी कूलरच्या तोंडाएवढी कापलेली आहे का, कूलरजवळ पाण्याची तोटी आहे का, आणि कूलरची गळती खालच्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते का, हे चारही प्रश्न क्षुल्लक वाटतात, पण या शेवटच्या प्रश्नावरून मी दोन घरांची बोलाचाली बंद झालेली पाहिली आहे. बंद, हवाबंद, सरकत्या काचांच्या नव्या फ्लॅटमध्ये कूलर नीट चालत नाही, कारण कूलरला आत ढकललेली हवा बाहेर जायला वाट लागते. वाट नसेल तर खोलीत नुसता दमटपणा साचतो. मग माणूस एसी घेतो, आणि भाड्यात वाचवलेले विजेच्या बिलात जाते. मोठा कूलर रोज बारा तास चालला तर महिन्याला साधारण सत्तर-पंचाहत्तर युनिट लागतात. दीड टनाचा एसी रात्रीचे आठ तास चालला तर तोच आकडा अडीचशे ते तीनशेवर जातो.

पाण्याचे गणित याहून अवघड आहे. शहराला वाघूर धरणाचे पाणी मिळते, पण नळाला ते रोज येईल असे धरून चालू नका. एक दिवसाआड, कधी दोन दिवसांआड, आणि जलवाहिनी फुटली तर त्याहून उशिरा, अशी सवय ठेवावी लागते. शहरी घरासाठी माणशी रोज १३५ लिटर हा नियोजनाचा आकडा धरतात. चार माणसांचे ५४० लिटर झाले. त्यात उन्हाळ्यात कूलरच्या पाच-सहा बादल्या मिळवा, म्हणजे साडेसहाशेच्या घरात. पाणी तिसऱ्या दिवशी येणार असेल तर आपल्या वाट्याला जवळपास दोन हजार लिटर साठा हवा, आणि गच्चीवर आपल्या नावाची टाकी दाखवली जाते ती बहुधा हजार लिटरची. बाकीचे इमारतीच्या खालच्या हौदातून यायला हवे. म्हणून हौद किती मोठा, त्यावर किती घरे, मोटर कोण आणि किती वाजता चालवतो, हे विचारल्याशिवाय भाडे बोलू नये.

बहुतेक इमारतींना बोअर असते आणि 'भाऊ, पाण्याची काही अडचण नाही' हे वाक्य त्या बोअरच्या भरवशावर म्हटले जाते. माझी स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका बदलून आलेल्या कुटुंबाला डिसेंबरमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा एक छान फ्लॅट दिला. नळ सोडून पाहिला, धार चांगली होती, मालकाने बोअर तीनशे फूट असल्याचे सांगितले, मी मान डोलावली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्या बाईंचा फोन आला. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त एवढेच विचारले की टँकरवाल्याचा नंबर मिळेल का. त्या उन्हाळ्यात त्यांनी टँकरवर जे घातले त्यात नऊ हजारांचे ते घर अकरा हजारांना पडले, आणि मी अर्ध्या महिन्याची दलाली परत केली. तेव्हापासून मी घरमालकाला बोअरची खोली विचारत नाही. मागच्या एप्रिल-मे महिन्यांत टँकर किती आले हे इमारतीतल्या दुसऱ्याच एखाद्या बिऱ्हाडाला विचारतो. बोअरचे पाणी बहुधा जड असते. गिझरच्या तोंडाशी आणि न्हाणीघराच्या नळांवर पांढरा थर दिसला की समजावे. पिण्यासाठी जार किंवा शुद्धीकरण यंत्र लागेल, तो खर्चही भाड्यातच धरावा.

विजेबद्दल एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. फ्लॅटला महावितरणचे स्वतंत्र मीटर असते, पण बंगल्याच्या वरच्या मजल्याला पुष्कळदा मालकाच्याच मीटरवरून सब-मीटर दिलेले असते आणि मालक युनिटला ठरावीक दर लावतो. घरगुती विजेचा दर टप्प्यांनी चढतो. पहिल्या शंभर युनिटांना एक दर, शंभर ते तीनशेला त्याच्या जवळजवळ दुप्पट, पुढे आणखी जास्त. दोन कुटुंबे प्रत्येकी दीडशे युनिट वापरत असतील आणि मीटर वेगळे असतील, तर दोघांनाही पहिल्या शंभराचा स्वस्त टप्पा मिळतो. एकाच मीटरवर तीनशे झाले की एकच शंभराचा टप्पा राहतो आणि दुसरे शंभर युनिट महाग टप्प्यात जातात. मालक बेईमान नसतानाही आपले काही शंभर रुपये दरमहा असे जातात. सहा हजारांच्या बंगल्याच्या मजल्यात हा भाग लपलेला असतो. स्वतंत्र मीटर असेल तर मालकाकडून मागचे एक बिल मागून घ्या. त्यावर आधीच्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो. मेचे युनिट पाहिले की ते घर किती तापते हे आपल्याला मालकाच्या तोंडून ऐकावे लागत नाही.

अनामत रकमेबाबत जळगाव पुण्या-मुंबईपेक्षा सौम्य आहे. दोन ते तीन महिन्यांचे भाडे, म्हणजे वीस ते तीस हजार, ही सर्वसाधारण पद्धत. फर्निचर असेल तर पन्नासपर्यंत मागतात. केंद्राच्या २०२१ च्या नमुना कायद्यात घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवलेली आहे आणि भाडेकरू ती मला मोबाइलवर काढून दाखवतात, पण तो नमुना आहे. महाराष्ट्रातले भाड्याचे व्यवहार १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने चालतात आणि संमती-परवाना करारात, म्हणजे ज्याला 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणतात त्या करारात, अनामत किती हे दोघांनी ठरवायचे असते. रकमेपेक्षा ती परत कशी मिळणार हे महत्त्वाचे आहे. किल्ली दिल्या दिवशी, घर पाहून, वीजबिल वजा जाता परत, असे शब्द करारात घालून घ्या, आणि राहायला येण्याच्या दिवशी मालकासमोर प्रत्येक खोलीचे मोबाइलवर चित्रण करा. 'रंगाचे पैसे' म्हणून एक महिन्याचे भाडे कापून घेण्याची सवय काही मालकांना आहे. ती करारात लिहिलेली नसेल तर मान्य करू नका, आणि लिहिलेली असेल तर ती भाड्यातच मिळवून हिशेब करा, कारण वर्षाने घर सोडणाऱ्याला ती महिन्याला साडेसातशे-आठशे रुपये पडते. दलाली इथे अर्ध्या महिन्यापासून एक महिन्यापर्यंत आहे. माझ्याच धंद्याविरुद्ध लिहितो, पण घर दाखवण्याआधी फेरीचे पैसे मागणाऱ्या एजंटाकडे जाऊ नका.

आता शंभराच्या स्टँपचा प्रश्न. त्याचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. वर्षापेक्षा कमी मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागत नाही, असे १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून लोकांच्या डोक्यात बसले आहे, आणि अकरा महिन्यांची प्रथा तिथूनच आली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे घर भाड्याने किंवा संमती-परवान्याने देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत अकरा महिने असो वा पाच वर्षे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणि करार नोंदलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. ही शेवटची ओळ मी मालकांना मुद्दाम वाचून दाखवतो. दंडाला न घाबरणारा मालक हिला घाबरतो. उलट बाजूने, करार नोंदलेला असला आणि मुदत संपल्यावर आपण जागा सोडली नाही, तर कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. म्हणजे कागद दोघांनाही बांधतो, आणि म्हणूनच दोघांनाही झोप लागते.

खर्च किती, हे एकदा आकड्यांत पाहा. भाडे साडेनऊ हजार आणि मुदत अकरा महिने धरली तर भाड्याचे १,०४,५०० रुपये झाले. परतीच्या तीस हजार अनामतीवर वर्षाला दहा टक्के दराने अकरा महिन्यांचे २,७५० रुपये धरायचे. एकूण १,०७,२५०, त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे सुमारे २६८ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर, आणि त्यासाठी आमच्यासारखा माणूस यंत्र घेऊन आपल्या घरी येतो. त्याची फी धरूनही सगळे तीन हजारांच्या आत बसते. हा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेण्याची पद्धत चांगली आहे. शिवाय घरभाड्याचा पुरावा नोकरीत लागेल, मुलीच्या शाळेत पत्ता लागेल आणि गॅसच्या जोडणीसाठीही हाच कागद चालेल. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यायची असते, तीही त्याच वेळी ऑनलाइन भरून टाकावी.

आयकराचा एक पदर इथे येतो. आपण जुनी करप्रणाली निवडली असेल आणि घरभाडे भत्त्याची सूट घेत असाल, तर वर्षाचे भाडे एक लाखाच्या पुढे गेल्यावर मालकाचा पॅन द्यावा लागतो. म्हणून काही मालक करारात महिना ८,३०० लिहू आणि वरचे रोख द्या, असे सुचवतात. नाही म्हणा. वरच्या रोख रकमेचा पुढे कोणीच साक्षीदार नसतो. नव्या करप्रणालीत ही सूटच नाही, तेव्हा तिथे पॅनसाठी वाद घालण्याचे आपल्याला कारण नाही. मात्र भाडे बँकेतूनच द्यावे.

वाढीविषयी इतकेच की, नव्या करारात पाच ते दहा टक्के वाढ इथे रूढ आहे. दोन-तीन वर्षे राहण्याची खात्री असेल तर करार थेट छत्तीस महिन्यांचा करा, दरवर्षीची वाढ पाच टक्के लिहून टाका, आणि दोन्ही बाजूंनी एक महिन्याची पूर्वसूचना ठेवा. मुद्रांकाचा दर साठ महिन्यांपर्यंत तोच पाव टक्का आहे, त्यामुळे दरवर्षीची धावपळ वाचते.

घर कधी पाहावे, यालाही महत्त्व आहे. खानदेशात पूर्वी सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचे, साल आखाजीला (अक्षय तृतीयेला) बदलत असे, आणि अजूनही बिऱ्हाडे हलण्याचा हंगाम आखाजीपासून शाळा उघडेपर्यंत चालतो. बदल्या, प्रवेश, निकाल सगळे याच काळात येते आणि मालकाचा आवाज चढलेला असतो. पितृपक्षात कोणी घर बदलत नाही. तेव्हा रिकाम्या घराचा मालक हजार रुपये सहज सोडतो. आपल्याला जूनमध्येच यायचे आहे, म्हणून हा फायदा मिळणार नाही. त्याऐवजी आपण दुसरी नाणी वापरा. भाडे पाच तारखेच्या आत बँकेतून येईल, नोंदणीचा निम्मा खर्च मी देईन, तीन वर्षे राहीन, एवढे शांतपणे सांगितल्यावर अकरा हजारांचे घर साडेनऊ-दहावर आलेले मी अनेकदा पाहिले आहे. मालक खाण्यापिण्याच्या सवयी विचारेल. आपण मांसाहार करत असाल तर तिथल्या तिथे सांगा. लपवून घेतलेल्या घरात पहिल्याच रविवारी खटके उडतात, आणि इतकी घरे उपलब्ध असताना तशा घरात राहण्याची गरज नाही. सोसायटी असेल तर भाडेकरू ठेवल्याबद्दलचे शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते मालकाने भरायचे असते. मात्र इथल्या बऱ्याच इमारतींत सोसायटी नोंदवलेलीच नसते, एक हौशी गृहस्थ वही घेऊन महिन्याला पाचशे ते हजार गोळा करत असतात. ते पैसे भाड्यात धरले आहेत की वेगळे, हे आधी विचारावे.

आपल्या बाबतीत मी हिशेब असा मांडीन. मेहरूण किंवा आदर्श नगरच्या बाजूला, मधल्या मजल्यावर, स्वतंत्र मीटरचा आणि बऱ्या हौदाचा टू बीएचके साडेनऊ ते साडेदहा हजार, देखभाल सातशे, वर्षाच्या सरासरीने वीज बाराशे ते पंधराशे, पिण्याचे पाणी व उन्हाळ्यातला एखादा टँकर मिळून महिन्याला तीनशे. म्हणजे घर आपल्याला साधारण बारा ते तेरा हजारांना पडेल. सहा हजारांचा बंगल्याचा वरचा मजला सब-मीटर, तापणारा स्लॅब, टँकर आणि पेट्रोल धरून दहाच्या आसपास जाऊन बसतो. हा दोन-तीन हजारांचा फरक कोणाला मोठा वाटेल, कोणाला नाही. घरात लहान मूल आणि वयस्कर माणूस असताना मी पहिले घर घेईन. आपण एकटे असता तर दुसरे घ्या म्हणालो असतो.

एक शेवटची सूचना, कारण गेल्या काही वर्षांत याच कारणाने माझ्याकडे डोळे भरून लोक आले आहेत. संकेतस्थळावर सुंदर फ्लॅट कमी भाड्यात दाखवून 'मी लष्करात आहे, बाहेरगावी आहे, टोकन पाठवा, किल्ली शेजाऱ्याकडे मिळेल' असे सांगणारा माणूस मालक नसतो. पुण्यातून एक रुपयाही पाठवू नका. मेच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस रजा काढा, आईंनाही सोबत आणा, स्टेशनजवळ एखाद्या लॉजवर उतरा आणि घरे दुपारी तीन ते पाच या वेळेत पाहा. सकाळी बोलावणाऱ्या मालकाला सांगा की गाडी उशिरा पोहोचते.